तंबूत न वाजवायचा मार्च

"तंबूत तो मार्च वाजणार नाही," एवढं बोलून मिस्टर हॅस्केट आपलं कॉर्नेट, ते तुतारीसारखं छोटं पितळी वाद्य, पुसायला लागायचे. ते आमच्या गावच्या बँडचे प्रमुख. उमेदीची वर्षं सर्कशीच्या बँडमध्ये गेलेली. मी त्यांच्या हाताखाली क्लॅरिनेट वाजवायचे.

त्या चार जुलैला ऊन मरणाचं, म्हणून तळ्याकाठी मोठा तंबू ठोकलेला. उत्सव समितीच्या मिसेस लुंडक्विस्ट हात धुऊन मागे लागल्या.

"स्वातंत्र्यदिन, आणि तोच देशभक्तीचा मार्च नाही? अहो, तो ऐकून आमच्या ह्यांचा लंगडा पायसुद्धा ताल धरतो!"

"बाहेर या, हवा तेवढा वाजवतो."

"देशाचं काही वाटतं का तुम्हाला?"

"वाटतं. तंबूचंही वाटतं."

त्या गेल्यावर हॅस्केटनी मला हळूच सांगितलं. सर्कशीत तो मार्च म्हणजे इशारा. आग, वादळ, सुटलेला वाघ. प्रेक्षकांना वाटायचं, काय झकास देशभक्तीची धून! पण कामगार मुकाट्याने दारं उघडून माणसं बाहेर काढायचे.

"आरडाओरडा झाला की लोक एकमेकांना तुडवतात, पोरी."

"तुम्ही कधी वाजवलाय तसा?"

"दोनदा. दुसऱ्यांदा उशीर झाला."

दुपारी आम्ही यादवी युद्धातल्या पलटणींचा एक जुना मार्च वाजवत होतो. वादळाआधी होतो तसा उजेड हिरवट झाला. तळ्याकडचे दोर घुमायला लागले. मधला खांब वीतभर उचलला गेला आणि धपकन खाली बसला. टाळ्यांच्या नादात कुणाचंच लक्ष नव्हतं.

हॅस्केटनी आम्हाला मध्येच थांबवलं. "तो काढा."

"कुठला?"

"तोच."

आम्ही सुरू केला, आणि अख्खा तंबू उठून उभा राहिला. जागच्या जागी! छातीवर हात, डोळ्यांत पाणी. मिसेस लुंडक्विस्ट तर विजयी मुद्रेने टाळ्या पिटत होत्या. हॅस्केट दाराकडे बघत होते, तिथे त्यांची सर्कशीतली माणसं उभी असल्यासारखे. दार बंदच होतं.

त्यांची बायको व्हेल्मा, एकेकाळची घोड्यावरची कसरतवाली, तेवढी दोन पोरांना काखोटीला मारून धावली. दाराचं कापड तिनेच वर फेकलं.

"ऑरिन!" तिने नवऱ्याला हाक मारली. "इथे आपलं कुणी नाहीये रे!"

हॅस्केटनी तिच्याकडे पाहिलं. पण कॉर्नेट ओठांवरून हललं नाही. बँडच्या चौथऱ्यावरून उडी मारून ते वाजवत चालायला लागले. आम्ही मागोमाग.

"मिरवणूक! चला, मिरवणूक!" व्हेल्मा हसत ओरडली.

ती धून लागली की पाय परवानगी विचारत नाहीत. हातात खाण्याच्या बशा, खांद्यावर पोरं, गाव पावलाला पाऊल मिळवत निघालं. हॅस्केटनी वेग वाढवला नाही. वाढवला असता तर लोक पळाले असते. सगळ्यात शेवटी मिस्टर लुंडक्विस्ट बाहेर पडले, लंगडत, तालात.

मग खांब उचलला गेला, तो पुन्हा बसला नाही. रिकाम्या टेबल-खुर्च्यांवर तंबू कोसळला. आम्ही तरी वाजवतच होतो, थांबायची खूण कुणी केलीच नाही.

आता दर चार जुलैला तो मार्च उघड्यावर वाजतो. आमच्या गावात त्याला टाळी पडत नाही. सूर निघाला की आया पोरांचे हात पकडतात आणि वर आभाळाकडे बघतात.