सरांच्या नावाचे भोवरे

संशोधन करत होते तेव्हा मायला मी एवढंच सांगायचे, की मी कॉम्प्युटरवर नदी वाहवते. ती हसायची. "खरी नदी हाये ना इथी, मंग खोटी कायले?"

पण काम तेच होतं. खवळलेलं पाणी पुलाच्या खांबावर आदळलं की मागे भोवरे सुटतात. मोठ्यातून लहान, लहानातून आणखी लहान. सगळेच्या सगळे मोजायला कुठलाच कॉम्प्युटर पुरत नाही. म्हणून मोठे मोजायचे आणि बारक्यांचा अंदाज बांधायचा, अशी रीत आहे. खांबाच्या अगदी जवळ हा अंदाज हटकून चुकतो. तो सुधारण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली.

उदाहरण म्हणून मी आमचाच पूल घेतला, ब्रह्मपुरीहून आरमोरीकडे जाताना वैनगंगेवर लागतो तो. उन्हाळ्यात घरी आले की नदीत उतरून खांबांभोवतीचे खड्डे मोजायचे. माय छत्री घेऊन काठावर उभी राहायची. पुरानं खरवडलेले ते खड्डे आणि माझ्या गणितातले भोवरे पहिल्यांदा जुळले, तेव्हा संशोधन संस्थेच्या खोलीत मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

पेपर तयार झाला तेव्हा सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, बोलावून घेतलं. पेपरवर त्यांचं नाव होतं आणि माझ्यामागून आलेल्या एका विद्यार्थ्याचं. माझं शेवटी, आभारात.

"सर, हे काम माझं आहे."

"कोण नाही म्हणतंय? पण त्याला परदेशी जायचंय. तुमचं काय, तुम्हा लोकांची नोकरी राखीवच असते."

आवाजात राग नव्हता. उद्याचं हवामान सांगावं तसं बोलले. प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. मी बाहेर आले. घरी फोनवर "पेपर छापला" एवढंच सांगितलं. मायनं गल्लीत पेढे वाटले, विहारात माझा सत्कार झाला.

पुढे चंद्रपूरच्या कॉलेजात नोकरी लागली. खुल्या जागेवर लागली, पण ते ऐकायला सर समोर नव्हते.

काही वर्षांनी आमच्या कॉलेजनं परिसंवाद भरवला आणि प्रमुख पाहुणे म्हणून सरांनाच बोलावलं. जुनी विद्यार्थिनी म्हणून आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. मायला कळलं तशी ती हट्टानं आली. "तुह्या सरले पायल्याबिगर मी काई ऱ्हात नाई."

सरांच्या भाषणात पडद्यावर पूल आला. खांबामागे लाल-निळे भोवरे फिरू लागले. ते रंगसुद्धा मीच निवडलेले.

"हा आपला पूल नाई का गे?" माय कुजबुजली.

"हो."

"मंग तुह्यं नाव काऊन नाई?"

मी आभाराचा कागद उलगडला. प्रश्न विचारा म्हणताच माय उभी राहिली. "सर, हा पूल आमच्या गावचा हाये. माह्या पोरीनं भर उनात पान्यात उभं राहून मोजला. तिचं नाव कुठी हाये?"

सर प्रसन्न हसले. "आजी, विज्ञानात नावाला महत्त्व नसतं."

सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या.

"मग तुमचं काढा, सर," मी म्हणाले. आभारासाठी दिलेला माईक माझ्या हातात होता.

आता कोणी हसलं नाही. सरांनी घड्याळ पाहिलं, गाडीची वेळ झाली म्हणाले आणि निघून गेले.

घरी जाताना जीपमध्ये माय एकदम म्हणाली, "तांदूळ देऊन बसलो ना त्याले." तिनं घरून आणलेली नव्या तांदळाची पिशवी शिपायानं सकाळीच सरांच्या गाडीत ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं, पाहुण्यांशी कसं वागावं हेही आता शिकवायचं का? सरांच्या संस्थेचा मोठा कॉम्प्युटर मी इथून वापरायचे. तोही लवकरच बंद झाला, कारण न सांगता.

आता सुट्टीत कॉलेजच्या प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून मी गणित चालवते. वीज गेली की बरंचसं पुन्हा करावं लागतं. तरी खांबाजवळचा अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला. या वेळी एकटीच्या नावानं पेपर पाठवला. तो परत आला. परीक्षकाचं नाव कळत नाही, तशी पद्धतच आहे. त्यानं शेरा मारला होता: लेखिकेनं या पुलावरचं मूळ काम आधी वाचावं.

खाली सरांच्या पेपरचा संदर्भ दिला होता.