डिस्पॅचवर सुप्रिया

…तर काल कुठवर आलो होतो? हां, चौघं पोरं आपापल्या पाळीला टेंपो भरून मोकळी झाली आणि आमची सुप्रिया खोक्याला हातच लावेना, तिथवर.

सुप्रिया माझी नात. बी.कॉम. झाली, वर सप्लाय चेनचा वर्षाचा कोर्स केला. म्हणजे काय, तर माल कारखान्यातून निघून दुकानात पोचेपर्यंतची सगळी उठाठेव. मी सातवी शिकलेला, मला तिनंच समजावलं. सुटीत ती आमच्या शेजारच्या भिवाजीच्या भाजीच्या टेंपोत बसून जायची, कुठे किती वेळ मोडतो ते वहीत टिपायची. भावकी हसायची, "दादांची नात क्लीनर झाली रं!"

दिवाळीनंतर खालापूरकडच्या एका गोदामात मुलाखत होती. जागा एकच, डिस्पॅचची. गाड्या भरून रवाना करायच्या. गोदामाच्या साहेबांनी परीक्षा म्हणून प्रत्येकाला टेंपो भरायला लावला आणि माल उतरवायच्या क्रमाचा कागद दिला: आधी शिळफाटा, मग कर्जत. चौघांनी कर्जतचा माल आत लावला, शिळफाट्याचा दाराशी. आधी उतरायचा तो दाराशी, पुस्तकात तसंच आहे. मी वॉचमनच्या बाकावर बसून बघतोय. हिनं कागद वाचला आणि तडक ड्रायव्हरकडे गेली.

"तौकीरभाई, सकाळी निघालात की आधी कुठं जाता?"

"कर्जतला. शिळफाट्यावर सकाळी बाजाराच्या गाड्या लागतात, टेंपो उभा करायला जागा नाय. तिथं परतताना."

"मग ह्या कागदावर उलटं कसं?"

"कागद बनवणाऱ्यांनी टेंपो कुठं चालवलाय!"

सुप्रियानं शिळफाट्याचा माल आत लावला, कर्जतचा दाराशी. चौघं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. साहेबांनी तौकीरकडे बघितलं. तो म्हणाला, "बरोबर हाय, साहेब. चार वर्षं जातोय, मला कुणी विचारलंच नाय."

साहेब खूश! म्हणाले, "तुला घेतो. पण ऑफिसात, चलनं लिहायला. गाड्यांवर आम्ही मुलगी कधी ठेवली नाही."

माझ्या अगदी ओठांवर आलं, मिळतंय ते घे गं बाई! पण माझ्याआधी तीच बोलली, तेच बरं झालं. आज ती डिस्पॅचलाच आहे, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून. तिनं बघितल्याशिवाय तौकीर टेंपोचं दार लावत नाही. त्या दिवशी तिनं साहेबांना दिलेलं उत्तर जसंच्या तसं सांगतो:

"साहेब, मला चलन लिहिता येतं का, ते तुम्ही बघितलंच नाय. गाडी भरता येते, ते बघितलंत. मग बघितलेल्या कामावरच ठेवा."