न पिळलेली चादर

लिस्बनमधल्या अल्फामाच्या चढणीवर देओलिंदाचं घर आहे. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची शवपेटी दाराबाहेर निघाली आणि ती उंबऱ्यावर ऊर बडवत बसली, तेव्हा रोल्फ नावाच्या मास्तराने तिचा फोटो काढला. त्या मेल्या मास्तराने डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती. रस्त्यावरचे फोटो कसे काढायचे ते शिकवायला हा मास्तर दरवर्षी परदेशी मंडळींचा घोळका घेऊन येतो. तिच्याच खिडकीखाली, चढणीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून रोज तोच फोटो नाचवत शिकवतो.

"विचारायचं नाही! विचारलं की चेहरा खोटा होतो."

ऐकून ऐकून देओलिंदाला ते परक्या भाषेतलं वाक्य पाठ झालं. सव्वाचारला ऊन त्या पायरीवर उतरतं आणि मास्तर नेमका तिथे येतो, हेही पाठ झालं.

यंदा तिने पलंगाची मोठी चादर साबणात भिजवली आणि पिळलीच नाही.

"अगं, दोरी तुटेल!" समोरच्या खिडकीतून शेजारीण सेलेस्त ओरडली.

"दोरीवर कोण घालतंय? तू तुझे मासे भाज."

सव्वाचारला मास्तराने फोटो वर धरला आणि देओलिंदाने वरून चादर त्याच्या डोक्यावर सोडली. मास्तर पायरीवर आपटला. फेसाळलेलं तोंड बाहेर काढून बोंबलू लागला. शिकवल्याबरहुकूम सगळ्यांचे कॅमेरे वर झाले.

"बंद करा! मला न विचारता..."

देओलिंदा खिडकीतून ओणवली आणि त्याच्याच भाषेत म्हणाली, "विचारू नका रे पोरांनो. विचारलं की चेहरा खोटा होतो."