वळहून बंगळूर, माणकोलीमार्गे

आमच्या वळ गावच्या गोडाऊनमधून माल रोज निघून जातो, किस्से मात्र पडून राहतात. त्यांना कुणी गाडी लावत नाही. आमच्यातली शोभा विमानात बसली तेव्हाचे तर एवढे साचलेत, की पॅकिंग करता करता आम्ही बायका अजून तेच उपसतोय.

शोभाची लेक पल्लवी बंगळूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं तिचा प्रवासच बंद केला. शोभा म्हणाली, "पोरगी येत न्हाय तर माहेरच जाईल. बाळ यायच्या आत मी तिथं पायजे."

सुपरवायझरनं मोबाइलात बघितलं. "रस्त्यानं हजारेक किलोमीटर. विमानानं दोन तासांच्या आत."

शोभाला पटेना. आपला ट्रक दोन दिवस घेतो. मग तिनंच हिशोब लावला, "मधी जेवायला थांबत नसंल."

*

मी तिला विमानतळावर सोडायला निघाले. माणकोली नाक्यावर रिक्षा अडकली ती अडकलीच. पल्लवीचा फोन. "आई, कुठवर आलीस?"

"माणकोली."

बऱ्याच वेळानं परत फोन. "आता?"

"माणकोलीच."

"आई, दुखायला लागलंय गं."

शोभाचं तोंड पांढरं पडलं. मी उतरले आणि पुढं कंटेनर आडवा घातलेल्या ड्रायव्हरला म्हटलं, "पीछे ले." तो म्हणाला, "मौसी, पीछे भी गाड़ी है." मग मी मागच्याला गाठलं, त्याच्या मागच्याला गाठलं. एकेकाला शिव्या घालून सरकवलं. शेवटचा घाबरून म्हणाला, "पुलिस में हो क्या?"

म्हटलं, "पैकिंग में हूँ."

*

डिंकाच्या लाडवांचा डबा आम्हीच बांधून दिला होता. बबल रॅप, चारी बाजूंनी टेप, वर कुठली बाजू वर ठेवायची त्याचा बाण. विमानतळावर तपासणीतल्या बाईला मशीनमध्ये नुसते गोळेच गोळे दिसले. ती म्हणाली, "खोलिए."

शोभानं सवयीनं हात पुढं केला. "कटर दो."

अख्खी लाईन मागं सरकली. शेवटी शोभानं टेप दातांनी तोडली. त्या बाईनं लाडवाचा वास घेतला आणि विचारलं, "किसका बच्चा है?"

*

विमान खरंच दोन तासांच्या आत उतरलं. शोभा खूश. जावई गाडी घेऊन आला. थोडं पुढं गेले आणि गाडी उभी राहिली. पुढं गाड्या, मागं गाड्या.

शोभा म्हणाली, "जावईबापू, माणकोली इथं पण हाय?"

*

ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा पल्लवीला नुकतंच आत नेलं होतं. शोभा दाराशी उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

नर्स बाळ घेऊन बाहेर आली. "कौन लेगा?"

शोभानं घेतलं. दुपटं उघडलं. डोकं बघितलं, हात बघितले, पायाची बोटं एकेक करून बघितली. उलटं करून पाठ बघितली. परत नीट गुंडाळलं.

डोळे पुसले आणि नर्सला म्हणाली, "माल बराबर है. साइन किधर करने का?"