विमल कोणत्या झाडात आहे?

विमल गेली, हे मला द्वारकेच्या चौकात कळलं. ओझरच्या कारखान्याची बस थांबली, विमलच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ उतरले आणि म्हणाले, "बाई, तुमची मैत्रीण गेली पहाटे." मी तिच्यासाठीच पपई घेत होते. ती हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे... शेवटी पपईवाल्यानेच बसायला स्टूल दिलं.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. दुष्काळाच्या वर्षी तिची लेक नंदा तापाने गेली आणि त्यानंतर ही गणिताची बाई गोष्टी लिहायला लागली. प्रत्येक गोष्टीत गेलेलं माणूस परत यायचं, कधी पुराच्या पाण्यात, कधी पिंपळात. द्राक्षाची छाटणी झाली की काडीच्या टोकातून पाणी टपकतं; एका गोष्टीत ते एक आई ओंजळीत धरते आणि त्यात आपल्या गेलेल्या मुलाला ओळखते. ती गोष्ट दिवाळी अंकात आली तेव्हा स्टाफरूममध्ये कोणी कोणाकडे बघत नव्हतं. घरी मात्र बुद्धवंदना व्हायची, आत्मा-बित्मा काही मानत नसत. तिचे मिस्टर यशवंतराव चिडवायचे, "आमच्याकडे भुतं फक्त कागदावर."

माझे मिस्टर गेले तेव्हा मी त्या गोष्टी उशाशी घेऊन झोपायचे. एकदा न राहवून विचारलंच, "विमल, खरंच असतात का गं ते कुठे?"

तिला खोटं बोलणं जमायचंच नाही. "नाही गं. नंदा कुठेच नाही. सगळीकडे बघून झालं... म्हणून तर लिहिते."

मला तिचा फार राग आला. कितीतरी दिवस मी अबोला धरला. मग पुन्हा आम्ही डबा एकत्र खायला लागलो, कारण मला खरं सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. आता तीही नाही, आणि मला ती हवी आहे.

मध्यंतरी तिच्या घरी गेले होते. निफाडकडची एक म्हातारी पत्ता विचारत विचारत आली. तिचा मुलगा विहिरीत पडून गेलेला. सुनेने ती द्राक्षाची गोष्ट वाचून दाखवली, तेव्हापासून छाटणी झाली की ती वेलीखाली जाऊन बसते म्हणाली. विमल गेल्याचं ऐकून ती रडली नाही. पदर सावरून यशवंतरावांना म्हणाली, "मंग बाई कोणत्या झाडात हायेत आता?"

मला वाटलं, ते तिला समजावून सांगतील. मेल्यावर माणूस कुठे उरत नाही, हेच आयुष्यभर त्यांनी लोकांना समजावलं होतं. पण ते उठले, मागचं दार उघडलं आणि परसातल्या शेवग्याकडे हात केला. म्हातारी झाडापाशी गेली, बुंध्यावर हात ठेवून लेकाचं काहीबाही सांगत बसली. यशवंतराव उंबऱ्यातच उभे होते. "काय सांगणार होतो मी तिला?" असं मला म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

आता ते रोज संध्याकाळी शेवग्याखाली खुर्ची टाकून बसतात. मी गेले की माझ्यासाठी दुसरी आणतात. विमल माझ्याशी खरं बोलली होती, त्यामुळे तिथे कोणी नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे. झाडावरच्या शेंगा पार जून होऊन गेल्यात. तोडायला आमचा दोघांचाही हात उठत नाही.