थेंबभर गोंद

माझी थोरली बहीण कार्डं करायची. छापखान्यातली नव्हेत, हाताने केलेली. रबरी शिक्के, शाईची पॅडं आणि नक्षीचे कागद एवढाच तिचा संसार. मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल होतं आणि भिंतीला लागून बिस्किटांचे पत्र्याचे डबे. पक्ष्यांचे शिक्के एका डब्यात, पानाफुलांचे दुसऱ्यात, घरं आणि होड्या तिसऱ्यात. कुणी चुकून पक्षी पानांत टाकला की ताईचं डोकं फिरलंच म्हणून समजा.

शिक्का मारताना ती श्वास धरायची. तळहाताने दाबायचा, डुलवायचा नाही, सरळ वर उचलायचा. अशा वेळी मी एकदा शिंकले, तर चार दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. शाई जरा फाकली किंवा कड सूतभर तिरकी गेली की कार्ड बाद. या टेबलावरून वाकडं काही बाहेर जाणार नाही, हा तिचा बाणा. कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला तिची कार्डं डोळे झाकून घ्यायचा, ते काही उगाच नव्हे. पण हाच बाणा तिला घरात नडला, आणि तो नडताना मी तिथेच उभी होते.

तिची एकुलती एक मुलगी, आमची भिंगरी, तेव्हा नऊ वर्षांची होती. आईच्या वाढदिवसाला, आई दुकानात गेल्याचं बघून, तिने त्या टेबलावर बसून कार्ड केलं. जांभळा कागद, त्यावर पिवळा तुकडा, त्यावर पक्षी. शाई इतकी घेतली होती की पक्ष्याच्या पोटाचा नुसता गोळा झाला होता. बाजूला शाईने माखलेल्या अंगठ्याचा ठसा. कडा तर विचारू नका. ताईने कार्ड पाहिलं, पोरीला जवळ घेतलं, तिचे डोळेही भरून आले. ते सगळं अगदी खरं होतं.

पण हाताची सवय कुठे जाते? पोर दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि ताईने पट्टी आणि कटर घेऊन कडा दोन सूत छाटल्या. गोळ्यावर दुसरा, नीट उमटलेला पक्षी कापून चिकटवला. अंगठ्याच्या ठशावर सोनेरी पान. मग कार्ड बाहेरच्या खोलीत कपाटावर उभं केलं आणि मला विचारलं, कसं दिसतंय. आता कसं देखणं झालं, असं मी म्हणाले. मलाही तेव्हा अक्कल नव्हती, दुसरं काय.

भिंगरी शाळेतून आली, कार्डासमोर थोडा वेळ उभी राहिली, "छान झालंय" म्हणाली आणि खेळायला गेली. रडली नाही, रुसली नाही. रुसली असती तर बरं झालं असतं, निदान आम्हाला कळलं तरी असतं. त्यानंतर ती त्या टेबलाशी कधी बसली नाही. दर वाढदिवसाला दुकानातून काहीतरी आणायची, छान कागदात बांधून. ताईला वाटायचं, पोरीला या कामाची आवडच नाही. शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं तेही आम्हाला शेजारणीकडून समजलं.

ताईच्या डोक्यात प्रकाश पडायला पुढे पंचवीस वर्षं जावी लागली. साठी उलटली, तिचे हात थरथरायला लागले आणि कडा तिच्या नकळत तिरक्या जायला लागल्या. एक दिवस दुकानात गेली, तर स्टेशनरीवाल्याने तिच्या कार्डांच्या कडा छाटून ती मांडलेली. बिचाऱ्याने चांगल्या मनानेच केलं होतं, तिला वाईट वाटू नये म्हणून बोललाही नव्हता. ती घरी आली, ते जांभळं कार्ड काढून बसली आणि मला म्हणाली, "मी तिचा अंगठा झाकला गं."

मग तिला एकच ध्यास लागला. भिंगरीच्या हातचं एक कार्ड हवं, जसं होईल तसं. भिंगरी परगावी नोकरीला. सुट्टीत आली तेव्हा ताईने चाचरत विचारलं, आणि ती हसत बसली टेबलाशी. ताई माझा हात धरून मला स्वयंपाकघरात घेऊन आली. कार्ड कसंही होवो, त्याला हात लावायचा नाही, असं तिने मला, खरं तर स्वतःलाच, तीनतीनदा बजावलं. तासाभराने भिंगरी कार्ड घेऊन आली. निळा कागद, एक होडी जराशी कललेली, वर कागदाचं फूल. ताईचा चेहरा असा फुलला की मीच दुसरीकडे पाहिलं.

"आई, कडा मोठ्या ठेवल्यात, तुला छाटता येतील," भिंगरी म्हणाली. "आणि फुलाला थेंबभरच गोंद लावलाय. तुला हलवायचं असेल तर सहज निघेल."

त्यात टोमणा नव्हता. कामाला मदत करावी इतक्या साधेपणाने ती बोलली. मला काही हलवायचं नाहीये, असं ताई म्हणाली, तर भिंगरी म्हणाली, "असू दे गं, सावकाश बघ." आणि बॅग भरायला गेली.

ती गेली त्याच संध्याकाळी फूल सुटायला लागलं. चिकटवावं तर पुन्हा ताईचा हात लागतो, न चिकटवावं तर पडतं. फोन करून लेकीला विचार, असं मी सांगितलं. ती म्हणेल तूच कर नीट, असं ताई म्हणाली, आणि ते खरंच होतं. आता कार्ड टेबलावर आडवं ठेवलेलं असतं, फूल त्यावर नुसतं टेकलेलं. उन्हाळा मी म्हणतोय, पण ताई त्या खोलीची खिडकी उघडत नाही आणि पंखाही लावत नाही. पदराने घाम पुसत तिथेच बसून असते.