मुहूर्ताचं घड्याळ

भिवंडीच्या ब्राह्मण आळीत लग्न कुणाचंही असो, अंतरपाट कधी दूर करायचा ते अवधूत गोखल्यांच्या एचएमटीवर ठरे. साध्या कारकुनाला आळीत तेवढाच मान होता. अठ्ठ्याऐंशी साली शेजारचा माधव दुबईहून आला तो मनगटावर तीन छोट्या तबकड्यांचं स्विस घड्याळ बांधूनच. जगात अशी मोजकीच काढलेली, म्हणे. तेव्हापासून अवधूतला अन्न गोड लागेना.

तात्या लेल्यांच्या मुलीच्या लग्नात गुरुजींनी थेट माधवलाच वेळ विचारली. अवधूतचा जळफळाट झाला. तेवढ्यात त्याला दिसलं, माधवच्या घड्याळाचा लांब सेकंदकाटा बारावर ढिम्म उभा होता.

"बंद आहे हो ते, गुरुजी! नुसती शोभा!"

माधव हसला. "अवधूतदादा, हा काटा शर्यत मोजायला. कळ दाबली की धावतो." त्यानं कळ दाबली. काटा धावला आणि मांडव खदखदून हसला.

"बरं, तुमचं काय म्हणतंय, अवधूतराव?" गुरुजींनी मान राखत विचारलं.

अवधूतनं मनगट वर केलं. माधवच्या घड्याळाच्या विचारात दोन दिवस चावी द्यायचीच राहिली होती; काटे केव्हाच थांबले होते.

"माधवलाच विचारा," तो पुटपुटला.